बऱ्हाणपुरातले एक महागडे जेवण

परगावी चार दिवस जावे, तीन दिवस मिळेल ते खावे आणि एक संध्याकाळ मात्र हात सैल सोडून, चांगल्या ठिकाणी, सगळ्यांनी मिळून जेवावे, ही कल्पना आपल्या घरांतून फार जुनी नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी परगावी जेवायचे ते नातेवाइकांकडे, नाही तर धर्मशाळेत चूल मांडून. पैसे देऊन बाहेर जेवणे हा नाइलाज समजला जाई. त्यात हौस असू शकते हे कोणाच्या मनातही येत नसे. आता येते, आणि यावेही. पण ती एक संध्याकाळ कोठे घालवायची हा प्रश्न मुलीचे स्थळ ठरवण्याइतका चर्चेचा होऊन बसतो. पैसे एकदाच जायचे असतात, भूक एकदाच लागायची असते, आणि जेवण फसले तर परतीच्या वाटेवर दुसरा विषय निघत नाही.

आम्हा इंदूरकरांचे तर आणखी अवघड. रात्री सराफ्यात उभ्या उभ्या दहा पदार्थ चाखण्याची सवय लागलेला माणूस दुसऱ्या गावात जेवायला बसला की पहिल्या घासालाच तोंड वाकडे करतो. त्यामुळे बाहेरगावी खर्च करून जेवायचे म्हटले की आमच्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गावातले सर्वांत मोठे हॉटेल शोधा. दुसरा म्हणतो, एवढे पैसे घालण्यासारखे येथे आहे काय?

गेल्या पौषात हा प्रश्न आमच्यापुढे बऱ्हाणपुरात उभा राहिला. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, ऐंशी वर्षे पुरी केली. सहस्रचंद्रदर्शनाचा मांडव तिने आधीच मोडीत काढला होता. "मला एकदा तापी दाखवा आणि एक दिवस चांगलं जेवायला घाला, म्हणजे झालं," एवढीच तिची मागणी. आमच्या आईचे माहेर रावेरकडचे, बऱ्हाणपूरच्या पुढे तापीच्याच खोऱ्यात, तेव्हा तापी का, हे कोणी विचारले नाही. अक्का, तिचा मुलगा आणि सून, त्यांचे दोन मुलगे आणि मी, असे सहाजण निघालो. इंदूरहून रस्ता सुमारे १८० किलोमीटरचा. नर्मदा ओलांडावी, असीरगडाच्या पायथ्यावरून खाली उतरावे, की केळीच्या बागा सुरू होतात आणि पुढे तटबंदीचे जुने शहर दिसते. त्या एका जेवणासाठी भाच्याने पाच हजार रुपये वेगळ्या पाकिटात घालून आणले होते.

पोहोचल्याबरोबर त्याने मोबाइल काढला. "मामा, हे बघा, याला चार पूर्णांक दोन तारे आहेत. एसी आहे, गाडी लावायला जागा आहे." दुपारी आम्ही दोघे ते हॉटेल पाहून आलो. जागा स्वच्छ, वाढपी अदबशीर, खुर्च्या मऊ. पदार्थांचे कार्ड उघडले. पनीर बटर मसाला, कोल्हापुरात कधी न दिसलेली व्हेज कोल्हापुरी, मंचुरियन, हाका नूडल्स आणि सर्वांत वर शाही पनीर. हेच कार्ड, याच क्रमाने, मी आमच्या विजयनगरात पाहिलेले आहे. हॉटेलवाल्याचा यात दोष नाही. गिऱ्हाईक मागते ते तो ठेवतो. पण ते 'शाही' वाचून मला राहवले नाही. कारण हिंदुस्थानात ज्या मोजक्या गावांना हा शब्द आपल्या नावामागे लावण्याचा हक्क आहे, त्यांत बऱ्हाणपूर बरेच वर बसते.

फारूकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि मोगलांचा दक्षिणेचा सारा कारभार येथून चालू लागला. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहेवाले रहीम, येथे अनेक वर्षे राहिले. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, विहिरींच्या रांगेमधून, आपल्या उताराने शहरात आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास त्यांच्याच कारकिर्दीतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना येथे थांबला आणि जहांगीराचा मुलगा परवेझ याच्या दरबारात गेला. त्याने बसायला खुर्ची मागितली. ती मिळाली नाही. चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकण्याची तेवढी परवानगी मिळाली. रोने भेट म्हणून मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली होती. पुढची खासगी भेट ठरली होती, पण शहजादे त्या बाटल्यांतच गुंतल्याने ती राहून गेली, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. एवढा थाट, पण पाहुणा उभाच. ही गोष्ट मी संध्याकाळी सर्वांना सांगितली तेव्हा भाचेसून हळूच म्हणाली, "मामा, खुर्चीचं मात्र आपणही बघायला हवं हं. आईंचे गुडघे आहेत." चर्चेतले सर्वांत शहाणपणाचे वाक्य तेच.

शाही थाटाची दुसरी नोंद त्याहून गंभीर आहे. शहाजहान १६३० मध्ये दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास येऊन राहिला. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल येथेच बाळंतपणात गेली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला सहा महिने विसावा मिळाला आणि मग तिचा देह आग्र्यास नेला. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षांत गुजरात आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ पसरला होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने या वाटेवर रस्त्याकडेला पडलेली माणसे पाहिली. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी गोरगरिबांना पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले, असे अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशहानाम्यात नमूद आहे. म्हणजे शाही स्वयंपाकाची बऱ्हाणपुरातली लिखित आठवण ही भुकेल्यांना घातलेल्या अन्नाची आहे. पाच हजारांचा आकडा ऐकून भाच्याने खिशातले पाकीट चाचपले. आम्ही हसलो, पण त्या पाकिटाचे वजन एकदम बदलले खरे.

शाही पनीर बाजूला ठेवून आम्ही गावात फिरलो. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी बाहेरगावीही नावाजलेली आहे. मैद्याच्या कुरकुरीत जिलेबीशी तिचा संबंध नावापुरताच. खव्याच्या पिठाची, जाड वेढ्यांची, तळून काळसर तांबूस झालेली आणि आत मऊ. दुसरी वस्तू दराबा. रवा, साखर आणि तूप एकत्र करून इतके फेसायचे की हलका, पांढुरका गोळा व्हावा आणि जिभेवर ठेवताच विरघळावा. खानदेशात ज्यांचे आजोळ आहे त्यांना दराब्याचे लाडू माहीत असतील. हा त्यांचाच सख्खा नातलग. हे दोन्ही पोटभर खाण्याचे पदार्थ नव्हेत, जेवणानंतरचे. पण त्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. येथे चांगले जे काही आहे ते कष्टाने फेसलेले, घोटलेले, तळलेले आहे आणि ते बहुधा लहान दुकानात आहे.

जुन्या शहरात, अंधार पडता पडता, एका गल्लीत मांड्यांची भट्टी दिसली. पेटत्या चुलीवर मोठे लोखंडी कढईसारखे भांडे उपडे घातलेले. एक मध्यम वयाचे मियाँजी कणकेचा सैल गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत होते. चार फेऱ्यांत गोळ्याचा रुमाल झाला, आठ फेऱ्यांत धोतराचे पान, आणि तो भांड्यावर अंथरला की क्षणात फुगून त्यावर बदामी ठिपके उमटत. लग्नकार्यांत असे मांडे शेकड्यांनी लागतात; रश्शाबरोबर त्यांचेच जेवण होते. मुले मोबाइलमध्ये चित्रे घेत होती. अक्का मात्र अगदी पुढे जाऊन उभी होती. त्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिले, काही न विचारता आतून एक स्टूल आणून दिले आणि पुन्हा कामाला लागले.

"आई अश्शीच करायची," अक्का म्हणाली. "कोपरापर्यंत. फक्त हिच्यात पुरण असायचं."

मांडे हा शब्द आपण आयुष्यभर वापरतो आणि तो पदार्थ आयुष्यात दोनदा खातो. मनातले मांडे आपण रोज खातो. विसोबा चाटीने कुंभारांना दरडावल्यामुळे मुक्ताबाईला खापर मिळाले नाही आणि ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपल्या पाठीवर मांडे भाजू दिले, ही कथा घरोघर सांगितली जाते. पण त्या कथेतले 'खापर' म्हणजे नेमके काय, हे आमच्या घरातल्या मुलांना त्या भट्टीपुढे प्रथम कळले. बेळगावचे साखरपेरणीचे मांडे निराळे. खानदेशातले पुरणाचे मांडे याच उपड्या खापरावर होतात आणि अक्षय्यतृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखाजीला, आमरसाबरोबर पानात पडतात. गल्लीतला साधा मांडा आणि आखाजीचा पुरणाचा मांडा ही एकाच हातवाऱ्याची दोन रूपे आहेत. एकाच्या शेजारी कोरमा येतो, दुसऱ्याच्या शेजारी आमरस. शहरात दोन्ही नांदतात आणि कोणी कोणाला पाहुणे म्हणत नाही.

अक्काला आता दुसरे काही नको होते. पुरणाचे मांडे करणारे कोणी आहे का, अशी चौकशी आम्ही त्याच भट्टीवर केली. त्यांनी आधी शाहपूरकडच्या बायकांचे नाव काढले, मग गावातल्याच एका मराठी मोहल्ल्याची खूण सांगितली. तेथे एक बाई आखाजीला आणि लग्नकार्याला मांडे करून देतात असे कळले. आम्ही रात्रीच त्यांच्या दारात गेलो.

साठीच्या आतबाहेरच्या बाई. त्यांनी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितले की आज होणार नाही. गहू ओलवून, बारीक दळून, वस्त्रगाळ केलेले पीठ घरात होते. पण ते भिजवून मुरायला हवे, तार सुटेपर्यंत मळायला हवे, डाळ शिजवून पुरण वाटायला हवे. "उद्या संध्याकाळी या. सहा माणसांचे सगळे मिळून दीड हजार द्या."

भाच्याने सवयीने विचारले, "काही कमी?"

अक्काने काठी जमिनीवर आपटली. "काल त्या हॉटेलाचं कार्ड बघून आलास. तिथल्या माणसाला 'काही कमी' म्हणाला असतास का रे?"

त्याच्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर आपल्यापैकी कोणापाशीच नाही. गारव्याच्या खोलीत, पाठकोऱ्या कागदासारख्या चवीच्या भाजीला आपण छापलेली किंमत कर भरून मुकाट्याने देतो. वर बक्षिसी ठेवतो. आणि चुलीपुढे बसून दोन दिवस खपणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. कारण मनातून आपण तिच्या कामाला 'घरचेच तर आहे' असे समजतो. घरच्या बाईने फुकट करावयाचे ते परक्या बाईने जवळजवळ फुकट करावे, असा तो हिशेब असतो. तो स्वयंपाक महाग नाही म्हणून स्वस्त मिळत नाही. तो करणाऱ्या हातांना आपण किंमत लावायला शिकलो नाही म्हणून स्वस्त मिळतो.

अक्काने सरळ सांगून टाकले, "आम्ही पाच हजारांचं जेवण जेवायला आलो आहोत. तुम्ही पाच घ्या."

बाई हसल्या, पण मान हलवली ती नकाराची. "जास्तीचे घेतले तर ते दान झालं, आजी. मला दान नको. काम वाढवा, मग वाढवून घेईन."

मग दोघी हिशेबाला बसल्या, आणि तो ऐकण्यासारखा होता. हिवाळा आहे, तेव्हा भरीत हवेच. त्याबरोबर कळण्याची भाकरी. मांडे सहा माणसांपुरते न करता चोवीस करायचे, म्हणजे शेजारपाजारी आणि भट्टीवाल्या गृहस्थांकडेही जातील. मदतीला एक जाऊबाई येतील. बाईंची लेक नोकरी करते. ती मांडे शिकायचे म्हणते, पण तिला वेळ होत नाही. तिने संध्याकाळी लवकर यायचे आणि तिच्या हातच्या कामाचेही पैसे धरायचे. तूप घरचे. सगळे मिळून तीन हजार आठशे ठरले. उरलेल्या बाराशेत जिलेबी, दराबा आणि मुलांच्या हट्टाचे काय ते बसवायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्या शेजारच्या घरून आणल्या होत्या. अक्काच्या गुडघ्यांची व्यवस्था कोणी न सांगता झाली होती. सर टॉमस रोपेक्षा आमचे नशीब बरे.

अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मातीचे खापर उपडे होते. खाली कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जळत होत्या, आणि त्याच जाळावर कडेला हिरवी वांगी भाजली जात होती. बाई दोन लहान पुऱ्या लाटत, मध्ये पुरणाचा गोळा ठेवून कडा दाबत, थोडे लाटून मग तो मांडा हातांवर घेत. मनगटापासून कोपरापर्यंत तो सरकत जाई आणि प्रत्येक फेरीला वाढत जाई. पुरण आत सारखे पसरे, कोठे फाटत नसे. खापरावर पाण्याचा हबका मारून ताव पाहायचा, आणि मांडा एका झटक्यात अंथरायचा. लेकीचे पहिले दोन फाटले. तिसरा नीट पडला, तेव्हा बाईंनी काही न बोलता तो वेगळा ठेवला. पुढे तो अक्काच्या पानात आला.

केळीच्या पानावर चौघडी घातलेला मांडा, त्यावर तूप, वाटीत कोमट दूध. डाळीच्या पाण्याची तिखट रशी, कुरडया, पापड. वांगे ठेचून, हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाणे घालून केलेले भरीत, आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. धाकट्याने दोन मांडे खाल्ले आणि तरीही नूडल्सची चौकशी केली. त्याला मी दोष देत नाही. थोरला तिसऱ्या मांड्यानंतर चुलीपाशी जाऊन बसला आणि परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही कोपरांना पीठ लागलेले होते.

अक्काने पहिला घास घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती म्हणाली, "छान झालाय. आईचा याहून पातळ असायचा."

मला वाटले, बाईंना लागले असेल. त्यांनी उलट मान डोलावली. "माझ्या सासूचाही असायचा. गहू बदलला, आजी. आताच्या गव्हाला ती तार नाही. आणि तेव्हा रोज करत होतो. आता वर्षातून आठ-दहा वेळा हात फिरतो." यावर दोघी बराच वेळ गव्हाच्या जातींवर बोलत राहिल्या. एवढे सरळ बोलणे हॉटेलात कोणाशी झाले असते? वाढपी 'कसं होतं?' विचारतो, आपण 'छान' म्हणतो आणि दोघांनाही त्यातले काही खरे नाही हे माहीत असते.

शेवटी बाई, त्यांच्या जाऊबाई आणि लेक यांना आम्ही बसवले. भाचेसुनेने वाढायचा आग्रह धरला तेव्हा अक्का तिच्यावर खेकसली, "आजच्या दिवस तूही बस." मग भाचा वाढायला उठला. बऱ्हाणपुरातले सर्वांत महागडे जेवण ते हेच, असे मला वाटले. तीन बायकांचे दोन दिवस त्यात होते.

याचा अर्थ हॉटेलात जाऊच नये, असा नाही. रात्री पोहोचून सकाळी निघायचे असेल, सोबत आजारी माणूस असेल, किंवा घरच्या बाईला एक संध्याकाळ कोणाशीही न बोलता, कोणाच्याही ओसरीवर संकोचून न बसता जेवायचे असेल, तर मऊ खुर्ची आणि छापील कार्ड यांच्यासारखे सुख नाही. तो खर्चही खर्चच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. उलट, प्रत्येक गावात प्रत्येक पाहुणा अनोळखी घरात शिरून मांडे मागू लागला तर त्या घरांची प्रदर्शने होतील. तेही नको.

पण एखाद्या गावात एक संध्याकाळ मुद्दाम पैसे घालून जेवायचे ठरवले असेल, तर तीन प्रश्न आधी विचारावेत असे मला वाटते. जे खाणार ते आपल्या गावात मिळते का? मिळत असेल तर पैसे खोलीचे आहेत, जेवणाचे नाहीत, हे समजून द्यावेत. आपल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तेथे नीट बसता येईल का? आणि हे पैसे शेवटी कोणाच्या हातात पडतील? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी चुलीपुढच्या माणसाचे बोट दाखवून देता येते, ते ठिकाण निवडावे. एक दिवस आधी सांगावे, सांगितलेल्या भावात घट मागू नये, आणि जास्त द्यायचे असेल तर काम वाढवून द्यावे.

बऱ्हाणपूरला जाणार असाल तर पौष-माघात भरीत आणि पुरणाचे मांडे, वैशाखात मांडे आणि आमरस. जुन्या शहरातल्या भट्टीवर साधा मांडाही जरूर खा. दराबा परतताना बांधून घ्या, तो प्रवासात टिकतो. मावा जिलेबी मात्र तेथेच, गरम असताना संपवावी. इंदूरपर्यंत आणलेल्या जिलेबीची चव सराफ्यातल्या कोणालाही पटवून देता येणार नाही.